दोनशे सहाची गोष्ट

४०४ हा आकडा आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पान सापडलं नाही की तो पडद्यावर येतो. त्याच्यावर विनोद झाले, त्याचे टी-शर्ट निघाले. पण ४०४ ज्या यादीत आहे त्याच यादीत २०६ नावाचा एक आकडा आहे, आणि त्याचं नाव मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो पडद्यावर दिसतच नाही ना! सगळं सुरळीत चालू असतं तेव्हाच तो येतो, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे कोण बघतंय? सर्व्हरनं २०० म्हटलं म्हणजे "ही घ्या फाइल". २०६ म्हटलं म्हणजे "ही घ्या, तुम्ही मागितलीत तेवढीच". म्हणजे अर्धवट फाइल, पण मागणाऱ्याच्या इच्छेनं अर्धवट.

यावर लिहिणार आहे असं भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, हे कोण वाचणार?" बघू या, मंडळी. मी मराठी घेऊन बीए केलेली बाई, त्यामुळे यंत्राच्या पोटातलं जेवढं मला समजलं तेवढंच लिहिते. पण गोष्ट मोठी गमतीची आहे.

आधी एक हिशेब. समजा एखादी फाइल उतरायला तीन तास लागतात आणि तुमची लाइन दर पाऊण तासाला तुटते. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत असेल तर ती फाइल तुम्हाला उशिरा मिळेल असं नाही, ती कधीच मिळणार नाही. महिनाभर बसलात तरी नाही. ज्याची लाइन तुटत नाही त्याच्यासाठी "जिथे थांबलं तिथून पुढे" ही सोय आहे. ज्याची तुटते त्याच्यासाठी ती असण्या-नसण्याचा प्रश्न आहे. हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचा इतिहास वाचा, कारण ज्यांच्या लाइनी चांगल्या होत्या त्यांना पुष्कळ वर्षं ही गोष्ट महत्त्वाची वाटली नव्हती, असं माझं मत झालंय.

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याचे पहिले लेखी नियम १९७१ च्या एप्रिलमध्ये लिहिले गेले. लिहिणारे होते अभय भूषण, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीचे विद्यार्थी! (आपल्याकडे हे नाव शाळेच्या पुस्तकात का नाही, कोण जाणे.) त्या नियमांचं पुढे एफटीपी झालं. १९८५ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी त्याची जी आवृत्ती लिहिली तिच्यात "रेस्ट" नावाची आज्ञा आहे. रेस्ट म्हणजे विश्रांती नव्हे बरं का, "रीस्टार्ट"चं लघुरूप. पण गंमत अशी की फाइल पाठवण्याची जी साधी, सरळसोट पद्धत सगळे वापरत, तिच्यासाठी ही आज्ञा कागदावर नव्हती. लोकांनी आपणहून वापरायला सुरुवात केली, इतक्या क्रमांकाच्या बाइटपासून पुढे दे म्हणून. त्याला रीतसर लेखी मान्यता मिळाली मार्च २००७ मध्ये. बावीस वर्षांनी! भाषेत तरी वेगळं काय होतं? आधी लोक बोलतात, मग व्याकरणवाले येतात.

दुसरा प्रवाह हौशी लोकांचा. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली एक्समोडेम लिहिलं. घरचा टेलिफोन, त्याला मोडेम, आणि फाइलचे १२८-१२८ बाइटचे घास. प्रत्येक घासाला क्रमांक आणि शेवटी एक ताळा. ताळा जुळला नाही तर तोच घास पुन्हा. पण फोनच कटला तर? मग सगळं ताट पुन्हा वाढून घ्यायचं. ही अडचण १९८६ साली चक फोर्सबर्ग यांच्या झेडमोडेमनं सोडवली. फोन पुन्हा लागला की घेणारा सांगायचा, माझ्याकडे इथपर्यंत आलंय, पुढचं दे.

म्हणजे १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये वेब सुरू केलं तेव्हा ही युक्ती जगाला माहीत होती. पण वेबच्या पहिल्या नियमांत ती नाही. पहिले नियम इतके साधे होते की मागणी एका ओळीची: गेट आणि पत्ता. सर्व्हर पान पाठवायचा आणि जोडणी तोडायचा. तोडली म्हणजे संपलं. मग लाइन खराब होऊन मध्येच तुटली तर? घेणाऱ्याला फरकच कळायचा नाही. पाहुणा जेवून उठला की रागावून उठला, तसं. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा कागद निघाला, त्यात फाइलची लांबी आधी सांगायची सोय होती. निदान किती यायला हवं होतं ते तरी कळू लागलं. पण २०६ त्यातही नाही.

मग ते आलं कुठून? मला वाटलं होतं की तुटक्या लाइनवाल्यांची दया येऊन कुणीतरी आणलं असेल. तसं नाही. त्याला जोर मिळाला तो पीडीएफमुळे.

पीडीएफ फाइल ही शेवटाकडून वाचायची वस्तू आहे, हे मला अलीकडेच कळलं. कुठली गोष्ट फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे याची सूची तिच्या अगदी शेवटी असते. म्हणजे पाचशे पानांच्या पुस्तकातलं सतरावं पान हवं असेल तर आधी शेवट गाठायचा, सूची बघायची आणि मग सतराव्या पानावर यायचं. फाइल तुमच्याच संगणकावर असेल तर काही अडचण नाही. पण ती समुद्रापलीकडे असेल तर एका पानासाठी अख्खं पुस्तक मागवावं लागायचं. अडोबी कंपनीला हे परवडणारं नव्हतं. १९९६ च्या ॲक्रोबॅट ३ मध्ये त्यांनी पीडीएफची आतली मांडणी बदलून पहिलं पान पटकन दिसेल अशी व्यवस्था केली. बाकीची पानं हवी तशी मागवता यावीत म्हणून सर्व्हरनं तुकडे द्यायला हवे होते.

तुकडे मागण्याचा मसुदा लिहिला दोघांनी. एक आरी लुओतोनेन, आधी सर्नमध्ये सर्व्हरवर काम केलेले आणि तेव्हा नेटस्केपमध्ये असलेले. दुसरे जॉन फ्रँक्स, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. या गणितज्ञानं डब्ल्यूएन नावाचा स्वतःचा वेब सर्व्हर लिहिला होता! त्यांच्या पहिल्या कल्पनेत तुकड्याचा आकडा पत्त्यालाच जोडायचा होता. पण मग प्रत्येक तुकड्याचा पत्ता निराळा, आणि मधले साठवणदार संगणक प्रत्येक तुकड्याला वेगळीच वस्तू समजणार. म्हणून पुढच्या मसुद्यात पत्ता तोच ठेवून मागणीसोबत वेगळी ओळ जोडायची असं झालं. अपाचे या प्रसिद्ध सर्व्हरच्या कोडमध्ये त्या दुसऱ्या मसुद्याप्रमाणे वागणाऱ्या जुन्या नेटस्केपसाठी खास सवलत कितीतरी वर्षं ठेवलेली होती, वर दोघांच्या आडनावांसकट टीप.

जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चा पहिला कागद निघाला आणि त्यात २०६ रीतसर आलं. मागणारा "रेंज" नावाच्या ओळीत सांगतो: बाइट ०-४९९. शून्यापासून मोजायचं आणि दोन्ही टोकं धरायची, म्हणजे हे पाचशे बाइट झाले. (पान ५ ते १० वाचून या म्हटलं की ती पाच पानं नव्हेत, सहा. वर्गात दर वर्षी दोघे-तिघे तरी यात अडकायचे.) पुढचं टोक मोकळं सोडलं तर शेवटपर्यंत. नुसतं उणे ५०० लिहिलं तर शेवटचे पाचशे, हे अर्थात पीडीएफच्या शेवटच्या सूचीसाठी फार सोयीचं. सर्व्हर तुकडा देताना वर लिहितो, हा अमुक ते अमुक, एकूण इतक्यांपैकी. एकाच मागणीत स्वल्पविराम देऊन अनेक तुकडेही मागता येतात. हा स्वल्पविराम लक्षात ठेवा, पुढे त्यानं फार छळलंय.

मला यातली सर्वात आवडलेली गोष्ट अशी की सर्व्हरला काहीही लक्षात ठेवावं लागत नाही. तुम्ही काल आला होतात, ४० टक्के नेलंत, मग लाइन गेली, हे त्याच्या गावीही नसतं. कुठवर आलो होतो ते मागणाऱ्यानं सांगायचं. आमच्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. तोवर बाई बदललेल्या असायच्या. नव्या बाईला काय माहीत? जो मुलगा म्हणायचा, "बाई, लसावि झाला होता, मसावि राहिला," त्याला पुढे नेता यायचं. पण ज्याला सांगता यायचं नाही त्याला सरसकट धडा एकपासून बसवलं जायचं, आणि तो धडा एक दर वर्षी तिथेच राहायचा. असो.

पण नुसता क्रमांक पुरत नाही. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइलच बदलली असेल तर? हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना चटकन कळेल. राजवाडे प्रतीतली ओव्यांची संख्या आणि साखरे प्रतीतली संख्या सारखी नाही. पाठभेद आहेत, क्रमांक पुढेमागे होतात. एका प्रतीतून अर्धा अध्याय वाचून खूण ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हाताशी दुसरी प्रत आली, तर त्याच क्रमांकापासून पुढे वाचताना एखादी ओवी गळेल किंवा दोनदा येईल. माणूस अडखळतो आणि मागे जातो. यंत्राला अडखळता येत नाही. ते दोन वेगवेगळ्या फाइलींचे अर्धे अर्धे तुकडे शिवून ठेवील. म्हणून त्याच कागदात "ई-टॅग" आला, म्हणजे फाइलच्या त्या आवृत्तीची खूण. आणि "इफ-रेंज" आलं: माझ्याकडची प्रत अमुक खुणेची आहे, तीच अजून असेल तर पुढचा तुकडा दे, बदलली असेल तर सगळी नवी दे. एका वाक्यात दोन्ही शक्यतांची सोय. मागणाऱ्याला दुसरी खेप पडत नाही.

ज्या सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही त्यानं रेंजकडे दुर्लक्ष करून २०० म्हणावं आणि पूर्ण फाइल द्यावी, हेही ठरलेलं. त्यामुळे जुनं कुठलंही यंत्र या नव्या नियमानं मोडलं नाही. १९९९ च्या सुधारित कागदात ४१६ आलं, म्हणजे तुम्ही मागताय तो तुकडा या फाइलीत नाहीच, फाइल आधीच संपते.

आता आपल्याकडे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. २८.८ च्या मोडेमवर सगळं उत्तम चाललं तर सेकंदाला ३६०० बाइट, म्हणजे दहा एमबीला पाऊण तास, आणि टेलिफोनचं मीटर चालू ते वेगळंच. आपल्यापैकी जुन्या ब्लॉगवाल्यांनी "बरहा" असंच उतरवून घेतलं असेल. क्रोएशियाच्या ह्रवोये निकशिच यांचं डब्ल्यूगेट १९९६ चं. गेटराइट, फ्लॅशगेट ही नावंही आठवतील, "रिझ्यूम" हा शब्द आपण त्यांच्याकडूनच शिकलो. फाइल सुरू करताना ती आधी सांगायची, हा सर्व्हर रिझ्यूम देतो की नाही. नाही म्हटलं की पोटात गोळा.

२००३ साली भाच्यानं तिकडे अमेरिकेत माझ्या आईच्या आवाजातली एक जुनी टेप संगणकात घेतली. जात्यावरच्या ओव्या, मध्ये मध्ये आईचं बोलणं. फाइल ४१ एमबीची. सीडी पाठवतो म्हणाला, पण मला धीर नव्हता. त्यानं ती वेबवर ठेवली, फक्त घरच्यांसाठी, म्हणून पासवर्डाच्या आड. माझ्याकडे सेकंदाला चार हजार बाइट यायचे, म्हणजे जवळजवळ तीन तास. आणि लाइन अर्ध्या-पाऊण तासात तुटायची. वरचा हिशेब हाच. रात्री अकरानंतर बसायचं, दहा एमबी व्हायचे, तुटायचं, पुन्हा शून्य. डाउनलोड मॅनेजर सांगत होता की या सर्व्हरला रिझ्यूम येत नाही. पण भाचा म्हणे, सर्व्हर तर अपाचे आहे, त्याला येतंच!

दोघंही खरं सांगत होते. साधी फाइल उघड्यावर ठेवली तर सर्व्हर स्वतः रेंज वाचतो आणि तुकडा देतो. पण पासवर्ड तपासायला मध्ये पीएचपीची स्क्रिप्ट बसवली की फाइल देण्याचं काम सर्व्हरचं राहत नाही, स्क्रिप्टचं होतं. आणि स्क्रिप्टला तेवढंच येतं जेवढं लिहिणाऱ्यानं लिहिलंय. त्या काळी जिकडेतिकडे नकलून वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्टा पासवर्ड बघायच्या आणि फाइल पहिल्या बाइटपासून ओतायच्या. रेंज आलीय का हे बघायच्याच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही स्क्रिप्टा २०६ म्हणायच्या आणि द्यायच्या मात्र पूर्ण फाइल. मग दहा एमबीच्या पुढे पुन्हा पहिल्यापासूनची फाइल चिकटायची आणि झिप उघडायचीच नाही.

भाच्यानं एका रविवारी त्यात काही ओळी घातल्या. काम काय, तर रेंजची ओळ आहे का बघ. आकडे फाइलच्या लांबीत बसतात का तपास, नाहीतर ४१६ दे. फाइल उघडून त्या बाइटवर उडी मार. २०६ म्हण, कंटेंट-रेंज लिही, आणि लांबी लिहिताना पूर्ण फाइलची नव्हे, तुकड्याची लिही. मग तेवढंच पाठव आणि थांब. चौथ्या रात्री ४१ एमबी पूर्ण झाले. आईचा आवाज तेवीस वर्षांनी ऐकला.

या सोयीचा फायदा उठवणारेही निघाले. डाउनलोड मॅनेजरांनी शोध लावला की तुकडे मागता येतात तर एकामागून एक कशाला, पाच-सहा एकदम मागू! प्रत्येक तुकड्याला वेगळी जोडणी, आणि सगळ्यांत वाटून मिळणाऱ्या वेगातला मोठा वाटा आपला. पंगतीत एकानं पाच पानं मांडावीत तसं. सर्व्हर चालवणारे वैतागले आणि एका पत्त्यावरून किती जोडण्या याला मर्यादा आल्या.

खरा तडाखा बसला ऑगस्ट २०११ मध्ये. तो स्वल्पविराम आठवतोय ना? एका छोट्या पर्ल स्क्रिप्टनं अपाचेकडे एकाच मागणीत १३०० तुकडे मागितले: बाइट ५-०, ५-१, ५-२, ५-३ असे, सगळे एकमेकांवर चढलेले. बिचारा सर्व्हर प्रत्येक तुकड्याची तयारी करत बसला आणि अशा थोड्या मागण्यांतच त्याची मेमरी संपली. "अपाचे किलर" हे नाव पडलं. महिनाअखेरीस २.२.२० ही दुरुस्त आवृत्ती आली. पण पोलंडचे मिखाल झालेव्स्की यांनी हाच धोका जानेवारी २००७ मध्ये जाहीरपणे लिहिला होता. साडेचार वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. जून २०१४ मध्ये रेंजचे नियम वेगळ्या कागदात आले, तेव्हा असल्या मागण्या सर्व्हरनं नाकारल्या तरी चालतील हे स्पष्ट लिहिलं गेलं.

एप्रिल २०१५ मध्ये पाळी विंडोजच्या सर्व्हरची. तिथे एकच तुकडा पुरला, ज्याचं शेवटचं टोक होतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. हा वीस आकडी अंक मी वाचला आणि उडालेच, कारण तो माझ्या ओळखीचा! बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांत मिळून जेवढे दाणे होतात तोच हा आकडा. सातवीच्या वर्गात ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. ६४ बिटांच्या खणात मावणारा हा सर्वांत मोठा अंक. तुकड्याचा हिशेब करताना सर्व्हर त्यात एक मिळवतो, दोन्ही टोकं धरायची म्हणून, आणि स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं तसं होतं. मग पुढचं सगळं चुकतं आणि यंत्र कोसळतं.

एवढं होऊनही सोय काढून टाका असं कुणी म्हटलं नाही, म्हणता येणारही नव्हतं. विंडोजचे अपडेट मागच्या दारानं थोडे थोडे येतात ते रेंजवरच. एमपी४ व्हिडिओचीही सूची पीडीएफसारखी बरेचदा शेवटी असते. तेव्हा फोन आधी सुरुवात मागतो, मग शेवट, मग मधलं. आणि तुम्ही बोटानं पट्टी पुढे सरकवलीत की तिथला तुकडा. जो सर्व्हर तुकडे देत नाही त्याचा व्हिडिओ आयफोनवर धड चालतच नाही. जून २०२२ च्या ताज्या कागदातही २०६ आपल्या जागी आहे.

भाच्यानं दाखवलेला शेवटचा प्रकार मला सर्वांत आवडला. उपग्रहाचे फोटो आता अशा मांडणीत ठेवतात की सूची पुढे आणि फोटोचे चौकोन क्रमानं. एकेक फाइल कित्येकशे एमबीची. त्यातून त्यानं आमच्या गावचा तलाव तेवढा मागवला. आला की दोन सेकंदांत, हिरवट, कडेला गाळ. बाकीचा जिल्हा तिकडेच राहिला.